जावयाचं घरभाडं

पाच रुपयांची कोथिंबीर घ्यायची असली तरी अतुलराव पिंपळशेंडे फोन काढत. भाजीवाली म्हणायची, "बाबू, चिल्लर द्या न, माह्या फोनची बॅटरी गेली." मग अतुलराव कोथिंबिरीची जुडी परत ठेवत आणि तिला दोन मिनिटं देशाबद्दल सांगत. नगद व्यवहार म्हणजे काळा पैसा, काळा पैसा म्हणजे बुडालेला कर, आणि बुडालेला कर म्हणजे राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरचे खड्डे. कोथिंबिरीपासून खड्ड्यापर्यंतचा हा प्रवास ऐकून ती बिचारी गिऱ्हाइकाचा नाद सोडून द्यायची. घरी वरणात कोथिंबीर दिसली नाही, की त्यांची बायको दुर्गा समजून जायची, आज बाजारात देशसेवा झाली.

या विषयावर त्यांचं शेजारच्या लच्छूभाऊंशी कायमचं भांडण होतं. लच्छूभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे सुटे पैसे मोजल्यामुळे त्यांचा विश्वास फक्त सुट्या पैशांवर. ते म्हणत, "बाबू, मी दिवसातून तंबाखू-सुपारीचे तीन खर्रे खातो हे माह्या बायकोले मालूम नाई. फोनवरून पैसे देले त त्या कंपनीले मालूम होते. आता मले सांगा, बायकोपासून लपवाचं अन् कंपनीले सांगाचं, हे कोन्या धर्मात बसते?"

"ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यानं कशाला घाबरायचं?" अतुलराव म्हणत. ते सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि महत्त्वाचं बोलताना टिपणीच्या भाषेत बोलत.

आता, त्यांच्याकडे लपवण्यासारखं अगदीच काही नव्हतं असं नाही. एक बारीकशी गोष्ट होती. दुसऱ्या कोणी केली असती तर अतुलराव तिला करचुकवेगिरी म्हणाले असते. स्वतःच्या बाबतीत ते तिला नियोजन म्हणत.

ते राहत होते ते घर त्यांच्या सासूबाईंचं, धुरपताबाईंचं. सासरे गवंडी होते. दिवसभर लोकांची घरं बांधून संध्याकाळी उरलेल्या उजेडात त्यांनी स्वतःचं चार खोल्यांचं घर उभं केलं आणि गिलावा पुरा व्हायच्या आत वारले. दुर्गा एकुलती एक. अतुलरावांची बदली राजुऱ्याला झाली आणि 'दोन महिने राहू, मग भाड्यानं बघू' म्हणत ते सासूबाईंकडे उतरले. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यांनी एक पैसा भाडं दिलं नव्हतं. पण दर मार्चमध्ये कार्यालयाला ते बारा भाडेपावत्या देत, महिना आठ हजारांच्या. पावतीवर घरमालकिणीचा अंगठा. 'आई, एलआयसीचे कागद आहेत' म्हटलं की धुरपताबाई शाईत अंगठा बुडवून बारा वेळा उठवायच्या आणि जावयासाठी चहा ठेवायला जायच्या. यातून अतुलरावांचा वर्षाला साडेसात हजार रुपये कर वाचायचा. साडेसात हजार! त्यासाठी माणसानं काय काय भोगावं, ते पुढं येईलच.

त्या मार्चमध्ये कार्यालयात एक परिपत्रक फिरलं. यापुढं भाडं बँकेतून दिल्याचा पुरावा असल्याशिवाय सवलत मिळणार नाही. पाठोपाठ कोणीतरी बातमी आणली, की आता पावत्या माणूस तपासत नाही, संगणक तपासतो, आणि संगणक चहा पीत नाही. अतुलरावांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ते कर सल्लागार कुलदीप रामटेक्यांकडे गेले. कुलदीप हुशार माणूस. समोरच्याची भीती किती खरी आहे, हे तो चेहऱ्यावरूनच ओळखायचा.

"अतुलबाबू, सरळ सांगतो. सवलत सोडून द्या."

"वा! म्हणजे मी खोटा होतो असं होईल."

"होतेच न तुमी."

अतुलरावांनी हे वाक्य ऐकलं नाही असं दाखवलं. कुलदीपनं सुस्कारा सोडला. "मंग दर एक तारखेले सासूबाईच्या खात्यात आठ हजार टाका. फोनवरून. पुरावा तयार होते. पुढं ते पैसे त्या तुमाले वापस देतीन का नाई, हा तुमचा घरचा मामला. मी त ऐकलंच नाई."

कॅशलेस भारताच्या पुरस्कर्त्याला हे फार आवडलं. एक एप्रिलला त्यांनी आठ हजार पाठवले, फोननं टुंग केलं, आणि अतुलरावांना प्रामाणिक माणसाला वाटतं तसं वाटलं.

अडचण पैसे परत काढण्याची होती. आईंना विश्वासात घ्यावं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकला. कारण धुरपताबाईंची सगळी इज्जत एका गोष्टीवर उभी होती. जावई त्यांच्या घरी राहतो. त्या जावयाच्या घरी राहत नाहीत. लेकीच्या दारात पाणी पिताना दहादा विचार करणारी ती पिढी. तरुणपणी त्या दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला गेल्या, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, पण कोणापुढं हात केला नाही. आता म्हातारपणाची सरकारी पेन्शन होती, महिना दीड हजार. त्यातून त्या स्वतःचा चहा, स्वतःची साखर, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणत. त्यांचा साखरेचा डबा वेगळा होता आणि जावयाच्या डब्यातला चमचा चुकूनही त्यात जात नसे. अशा बाईला 'तुमच्या खात्यात जावयाचं भाडं आलंय' असं सांगायचं कोणी?

म्हणून अतुलरावांनी ठरवलं, पेन्शनच्या निमित्तानं त्यांना बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर न्यायचं, यंत्रावर अंगठा लावायचा, आणि आलेल्या नोटांतून आपल्या नोटा बाजूला काढायच्या. स्वतःचेच पैसे स्वतःच्याच सासूच्या खात्यातून चोरायचे होते. कायद्यात याला काय म्हणतात, ते त्यांनी कुलदीपला विचारलं नाही.

बसस्टँडजवळच्या केंद्रावर दिव्यानीबाई बसत. कोळशाचे ट्रक दारावरून जात, डोक्यावर कूलर घरघरत असे, त्यामुळे बाईंचा आवाज कायम वरच्या पट्टीत. धुरपताबाईंनी अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, लाल. दुसऱ्या हाताचा ठेवला, लाल.

"आजी, तुमच्या अंगठ्यावर रेघाच नाई राह्यल्या!" दिव्यानीबाई ओरडल्या. "साऱ्या घासल्या!"

"मिरचीत गेल्या, बाई," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. मागच्या महिन्यापर्यंत यंत्र त्यांना कसंबसं ओळखत होतं. आता त्यानंही ओळख सोडली होती. त्या दिवसापासून त्यांचा चहा-साखरेचा खर्च गाठीच्या पैशांवर चालू झाला.

अतुलराव बँकेत गेले. अंगठा जुळत नसेल तर एटीएम कार्ड घ्या, तिथले लोक म्हणाले. कार्डासाठी खात्याला मोबाइल जोडा. मोबाइल जोडायला आधार पडताळणी. आणि आधार पडताळणीला? अंगठा. दुसरा मार्ग एकच, आजींनी स्वतः काउंटरवर यावं, शाईचा अंगठा द्यावा, आणि किती काढायचे ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. तोंडाचा विषय निघाल्यावर अतुलराव तिथून उठले.

मे, जून, जुलै. दर एक तारखेला फोन टुंग करायचा आणि आठ हजार त्या खात्यात जाऊन बसायचे. मध्येच थांबता येत नव्हतं. कुलदीप म्हणाला होता, साखळी तुटली की संगणकाला संशय येतो. घरखर्च ओढताना अतुलरावांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. कारण विचारलं तेव्हा त्यांनी 'घरभाडे' लिहिलं. निदान एका कागदावर तरी खरं लिहिलं गेलं.

गल्लीला एवढंच कळलं होतं, की पिंपळशेंडेबाबू सासूच्या अंगठ्यासाठी जीव टाकून राह्यले. मग सल्ल्यांना काय तोटा! लच्छूभाऊ म्हणाले, खोबरेल तेल. समोरच्या आशाबाई म्हणाल्या, निंबू चोळा, वरून साखर. कोणी साय सांगितली, कोणी मेण. एकदा तर अतुलरावांनी तेल, निंबू आणि साय एकापाठोपाठ लावली आणि अंगठ्याला तीन दिवस शिकरणीचा वास येत राहिला. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. अंगठ्याला आराम पाहिजे. महिनाभर पाण्यात हात नको, विळा नको, लसूण नको. रेघा आपोआप वर येतात.

आणि मग राजुऱ्यानं एक अपूर्व दृश्य पाहिलं. कार्यालयातून आल्यावर वरिष्ठ लिपिक अतुलराव पिंपळशेंडे अंगणात पाट टाकून लसूण सोलत बसलेत, पुढं घासायची भांडी आहेत, आणि खाटेवर धुरपताबाई अंगठा उंच धरून बसल्यात, त्यावर मलम, मलमावर मलमलची चिंधी. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून बघत. दुर्गा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसे. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "माह्या मायले तुमीच सांगा. मी मधात नाई येत."

धुरपताबाईंना मात्र भरून यायचं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जवाईबापू, माह्या सख्ख्या पोरानं केलं नसतं एवढं करून राह्यले तुमी. दीड हजारासाठी." अतुलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःला सांगितलं, लसूण फार तिखट आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अंगठ्याची चिंधी सोडली. खरोखरच रेघा दिसत होत्या, पुसट, पण होत्या. अतुलरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. केंद्रावर पेन्शनवाल्या बायांची रांग दारापर्यंत होती. धुरपताबाईंनी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला! अतुलरावांनी नकळत टाळी वाजवली.

"जुळला, आजी!" दिव्यानीबाई आनंदानं ओरडल्या. बाहेरून ट्रक जात होता, म्हणून त्या आणखी मोठ्यानं ओरडल्या. "अन् काय हो आजी, गरीब गरीब म्हंता! पासष्ट हजार हायेत न खात्यात! दर महिन्याले आठ हजार, अतुल पिंपळशेंडे, अतुल पिंपळशेंडे... अन् त्याच्यापुढं लिवलं हाय, घरभाडं!"

रांगेतल्या सगळ्या माना अतुलरावांकडे वळल्या. ट्रक नेमका तेव्हाच निघून गेला होता. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो माणूस कूलरच्या मागं जाण्याइतकी जागा आहे का ते बघत होता.

धुरपताबाईंनी पैसे काढले नाहीत. अंगठा पदराला पुसला आणि चालू लागल्या. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कायचे पैसे हायेत ते?"

"ते... कर-नियोजनाच्या अनुषंगानं..." अतुलरावांनी सुरुवात केली.

"माय, तुह्या नावानं भाडं दाखवते, टॅक्स वाचवाले," दुर्गा म्हणाली. "अकरा वर्षं झाली. ते एलआयसीचे कागद नोते."

धुरपताबाई ओट्यावर बसल्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत, आणि त्यामुळेच अतुलरावांना जास्त भीती वाटली. "मंजे जवायाचा पैसा सहा महिन्यांपासून माह्या नावावर बसून हाय," त्या म्हणाल्या. "अन् मी म्हंतो, मी कोनाचं खात नाई."

त्या दिवशी त्यांनी मागच्या पडवीत तीन विटा मांडून चूल केली आणि स्वतःचं वेगळं शिजवलं. दुर्गानं समजावलं, आशाबाईंनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. आशाबाईंनी समजावण्याच्या ओघात गल्लीतल्या बाकीच्यांनाही सगळं समजावून सांगितलं. गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे, पिंपळशेंडेबाबू देवमाणूस, सासूलेबी भाडं देते. दुसरा म्हणे, काय ती म्हातारी, पोटच्या पोरीकडून भाडं घेते! दुसरा तट मोठा होता. धुरपताबाई नळावर गेल्या की बाया एकदम पावसापाण्याचं बोलू लागत. बेचाळीस वर्षं त्या नळावर ताठ मानेनं गेलेल्या बाईनं आता पाणी भल्या पहाटे भरायला सुरुवात केली. अतुलरावांना हे दिसत होतं. माफी मागावी असं त्यांना रोज वाटे, आणि रोज ते तिचा मसुदा मनात करून दुसऱ्या दिवसावर ठेवत.

पंधरा दिवसांनी तहसीलमधून कागद आला. तक्रार झाली होती. अर्जदार महिलेस भाड्याचं उत्पन्न असल्याचं समजतं. पेन्शनसाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत पाहिजे. चौकशी होईपर्यंत पेन्शन स्थगित. तलाठी घरी येऊन जबाब घेतील.

अतुलराव धावत कुलदीपकडे गेले. कुलदीपनं कागद दोनदा वाचला. "सोपं हाय, अतुलबाबू. आजी म्हनल्या, भाडं घेतो, त पेन्शन गेली. आजी म्हनल्या, घेत नाई, त तुमी खोटे. टॅक्स, व्याज, दंड, अन् सरकारी नोकर म्हनून हापिसात जे होईन ते वेगळं. दोघातलं एकच वाचते."

"मी काय करू?"

"तुमी काई नका करू. आतापर्यंत तुमीच करून राह्यले होते."

तलाठी आले तेव्हा गल्लीतले सगळे सहज म्हणून अंगणात जमले. लच्छूभाऊंनी स्वतःची खुर्ची आणली होती. तलाठ्यानं कागद काढला, पंच म्हणून लच्छूभाऊंचं नाव लिहिलं. अतुलराव खांबाला टेकून उभे होते. पडवीतल्या तीन विटा त्यांना तिथून दिसत होत्या, आणि विटांवरचं ते छोटं काळं भगुनं. साडेसात हजार रुपये, त्यांना वाटलं. साडेसात हजारांसाठी या बाईला मी माझ्याच घरात... आणि तिथंच ते अडखळले, कारण घर त्यांचं नव्हतंच.

"आजी, तुमी जवायाकडून भाडं घेता का?" तलाठ्यानं विचारलं.

"साहेब, थांबा." अतुलराव पुढं झाले. टिपणीची भाषा ऐनवेळी कुठल्या कुठं गेली होती. "त्या नाई घेत. मीच खोटं लिवलं. अकरा वर्षं. त्याहिले काई मालूम नोतं. त्याहिची पेन्शन नका बंद करू. माह्यावर काय लिवाचं ते लिवा."

लच्छूभाऊ खुर्चीत सरळ झाले. अतुलरावांना वाटलं, आता जमीन फाटावी. ती काही फाटली नाही.

"तुमी चूप बसा, जवाईबापू," धुरपताबाई म्हणाल्या. "मले इचारलं त्याहिनं." त्या तलाठ्याकडे वळल्या. "साहेब, माह्या खात्यात पैसे हायेत का? हायेत. ह्याहिनं देले का? देले. कायचे म्हनून देले? भाड्याचे. घर कोनाचं? माह्या नवऱ्यानं माह्या नावावर बांधलं. मंग भाडं घेतलंच न मी. मागच्या अकरा वर्षांचं मले मालूम नाई, ते ह्याहिनं ह्याहिच्या हापिसात सांगावं. हे साल घेतलं. लिवा."

"आजी, लिवलं त पेन्शन बंद होईन."

"होऊ द्या. गरिबाची हाय ती, गरिबाले द्या. मी घरमालकीन हावो." मग आवाज चढवून, बहुतेक आशाबाईंसाठी, त्या म्हणाल्या, "अन् जवायाचं खानं येगळं, घराचं भाडं येगळं. त्याच्यात कायची लाज?"

तलाठ्यानं लिहिलं. जबाबाखाली धुरपताबाईंनी अंगठा उठवला. लच्छूभाऊंनी सही केली आणि अतुलरावांच्या खांद्यावर हात ठेवला. आजवरच्या भांडणात लच्छूभाऊ प्रथमच काही बोलले नाहीत, आणि तेच अतुलरावांना सगळ्यात जास्त लागलं.

त्या आठवड्यात कुलदीपनं मागच्या वर्षांचा हिशोब करून दिला. कर, व्याज आणि वर 'माही फी तुमी नगद नाई, फोनवरूनच द्या' असा टोमणा. कार्यालयानं मेमो दिला, आणि त्याचं उत्तर अतुलरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तीन ओळींत लिहिलं. पतसंस्थेचं कर्ज होतंच. एवढं निस्तरून एका रविवारी ते धुरपताबाईंसमोर बसले. मसुदा न करता म्हणाले, "आई, चुकलो."

"चुकले न," त्या म्हणाल्या, आणि उठून पडवीतल्या विटा स्वतःच्या हातानं उचलून भिंतीशी लावल्या. दुपारी त्या सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या. अतुलरावांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला आणि मनातल्या मनात महिना आठ हजार पुन्हा घरखर्चाला जोडून टाकले. आता पावत्या नाहीत, सवलत नाही, म्हणजे ते भाड्याचं नाटकही संपलं.

"नोव्हेंबरचं भाडं आलं नाई," धुरपताबाई म्हणाल्या.

अतुलरावांचा घास हातात राहिला. "आई, पण आता तर मी ती सवलत..."

"तुमची सवलत तुमच्यापाशी. मी सरकारात लिवून देलं हाय का भाडं घेतो. मले खोटं बोलता येत नाई." त्यांनी ताटाखालून एक घडी घातलेला कागद काढला. "हा करार. कुलदीपनं बनवून देला. अकरा महिन्याचा. भितीले खिळे ठोकाचे नाई, पाण्याचं बिल भाडेकरूनं भराचं."

अतुलरावांनी दुर्गाकडे बघितलं. दुर्गा वरणात कोथिंबीर शोधत होती.

"आणि अकरा महिन्यांनंतर?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

धुरपताबाईंनी त्यांच्या ताटात प्रेमानं आणखी एक पोळी वाढली.

"मंग पाहू," त्या म्हणाल्या. "वागनूक चांगली राह्यली त ठेवू."